माशांच्या काट्यांचे विष व त्यावरील उपचार

मृगाच्या पहिल्या सरी जोरात कोसळल्या आणि ओढेनाले शेतांतून पसरून वाहू लागले, की कोकणातील गावागावांत वलगणीच्या माशांसाठी एकच धांदल उडते. अंडी घालण्यासाठी प्रवाहाच्या उलट चढणीला लागलेले मासे भाताच्या खाचरांत शिरतात आणि त्यांच्या मागोमाग बॅटरी, कोयता व टोपली घेऊन लहानथोर सारे चिखलात उतरतात. या माशांचे जेवढे अप्रूप असते तेवढीच त्यातील एका दुखण्याविषयी उदासीनता आढळते. गढूळ पाण्यात मासा चाचपताना किंवा टोपलीतून उचलताना शिंगीचा काटा बोटात शिरतो. क्षणार्धात विंचू चावल्यासारखी कळ मनगटापर्यंत, कोपरापर्यंत, कधी बगलेपर्यंत चढते आणि चांगला धडधाकट माणूस कळवळून खाली बसतो. मग कोणी चुना लावतो, कोणी तंबाखूची चिमूट दाबतो, कोणी बोट सुतळीने करकचून आवळतो. यांपैकी कशानेही कळ थांबत नाही. ज्या उपायाने ती बहुधा थांबते तो उपाय मात्र प्रत्येक घरी चुलीवर तयार असतो. सोसवेल इतके गरम पाणी हा तो उपाय होय. तो केव्हा, किती वेळ व कशा रीतीने करावा, आणि कोणत्या प्रसंगी त्याच्या नादी न लागता सरळ रुग्णालयाची वाट धरावी, याची माहिती गावोगावी काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना व शेतकऱ्यांना असणे अगत्याचे आहे.

काटा मारणारे मासे

प्रत्येक काटेरी मासा विषारी नसतो. धरणांच्या जलाशयांत विपुल सापडणाऱ्या चिलापीच्या पाठीवर तीक्ष्ण काट्यांची रांग असते आणि ती हाताला चांगलीच बोचते. परंतु तिच्यात विष नसते. बोचल्याची जखम तेवढी होते. मिशा असलेल्या, अंगावर खवले नसलेल्या माशांची गोष्ट निराळी. शिंगी, मागूर, नद्यांमधील शिंगटी व टेंगरा, समुद्रातील शिंगाळा हे सारे या एका मोठ्या गणातले. त्यांच्या छातीजवळच्या दोन परांत, आणि बऱ्याच जातींत पाठीवरील परातही, एक एक कठीण हाडासारखा काटा असतो. मासा घाबरला की हे काटे ताठ उभारतो आणि त्यांची खीळ अशी बसते, की नुसत्या दाबाने ते खाली पडत नाहीत. या गणातील अनेक जातींच्या काट्यांवर करवतीसारखे दातेही असतात.

या सर्वांत गोड्या पाण्यात अधिक भीतीची म्हणजे शिंगी. हिचा रंग काळसर तांबूस, अंग लांबट, डोके चपटे आणि तोंडाभोवती मिशांच्या चार जोड्या. लांबी साधारणतः वीतभर. हिच्या पाठीवरील लहानशा परात काटा नसतो. विषाचे काटे केवळ छातीजवळच्या दोन परांत असतात. कल्ल्यांखेरीज हवा घेण्यासाठी हिच्या शरीरात लांब पिशव्या असतात, त्यामुळे पाण्याबाहेर ओलसर जागी ती बराच वेळ जिवंत राहते. टोपलीच्या तळाशी निपचित पडलेली शिंगी मेली असे समजून हात घालणाऱ्यालाच ती पुष्कळदा काटा मारते. बंगाल-बिहारकडे शिंगीला मोठी किंमत येते व आजाऱ्याला पथ्य म्हणून ती आवडीने देतात. आपल्याकडेही विदर्भातील मामा तलावांत ती सापडते आणि शेततळ्यांत पाळण्याकडेही काहींचा ओढा आहे. जो शेतकरी रोहू-कटल्याच्या सवयीने शिंगीच्या तळ्यात उतरेल त्याने तळे उपसण्याच्या दिवशी मजुरांच्या हातांचा आधी विचार केलेला बरा.

खाडीत व समुद्रात सापडणारा शिंगाळा हा कोळ्यांच्या नित्य परिचयाचा मासा आहे. याच्या कित्येक जातींत नर मासा मादीने घातलेली अंडी स्वतःच्या तोंडात धरून उबवतो आणि तोपर्यंत उपाशी राहतो.  शिंगाळ्याच्या पाठीवरचा एक व छातीजवळचे दोन असे तीन काटे सांभाळावे लागतात. जाळ्याच्या आसांत हे काटे अडकतात आणि ते सोडवताना बोटांना इजा होते. रापणीच्या वेळी नको असलेली लहान शिंगाळी वाळूवर टाकून देण्याची रीत अनेक ठिकाणी आहे. ती अनवाणी फिरणाऱ्या मुलांच्या पायांत शिरतात. अंगावर लांबीने दोन पांढरट पिवळे पट्टे असलेला व शेपटीकडे वामासारखा निमुळता होत गेलेला एक मिशांचा मासा समुद्रात व खाडीच्या मुखाशी थव्याने फिरतो. त्याची पिल्ले चेंडूसारखा घोळका करून चालतात. याचे विष शिंगाळ्याहून पुष्कळच तीव्र असते. गळाला हा लागला तर हाताने न सोडवता दोरी कापून टाकावी. गळाची किंमत काही आण्यांची नसली, तरी बोटापेक्षा ती कमीच आहे.

पाकट हा मासा या सर्वांहून वेगळा. याचे अंग सुपासारखे पसरट, शेपूट चाबकासारखी, आणि शेपटीच्या वरच्या अंगाला एक, कधी दोन, लांब काटे. काट्याच्या दोन्ही कडांना उलट्या दिशेचे दाते असतात. पाकट उथळ पाण्यात वाळूखाली अंग लपवून स्वस्थ पडून राहतो. माणसावर तो चाल करून येत नाही. अंगावर पाय पडला तरच शेपूट उसळवून काटा मारतो. त्यामुळे जखम बहुतेक वेळा घोट्याला किंवा पावलाला होते. दाते उलटे असल्याने काटा बाहेर येताना मांस फाडत येतो आणि जखम दिसते त्याहून खोल असते. सन २०१३ च्या सप्टेंबरमध्ये मुंबईला गिरगाव चौपाटीवर दीड दिवसाच्या गणपतींच्या विसर्जनासाठी पाण्यात उतरलेल्या कित्येक भाविकांच्या पायांना पाकटांनी काटे मारले होते. त्यानंतरच्या काळात विसर्जनापूर्वी भाविकांना सावधगिरीच्या सूचना देण्यात येऊ लागल्या. ज्या गावांत मूर्ती खाडीत किंवा समुद्रात विसर्जित होतात तेथे ही गोष्ट गणेशोत्सव मंडळांच्या कानांवर घालणे हे कार्यकर्त्यांचे कामच आहे.

खडकाळ तळाच्या समुद्रात पंख पसरल्यासारखे रंगीत पर असलेले आणि दगडासारखे दिसणारे मासे असतात. त्यांच्या पाठीवरच्या काट्यांत विषाच्या ग्रंथी असतात. यांपैकी दगडमासा जगातील सर्वांत विषारी माशांत मोडतो. त्याच्या विषावर ऑस्ट्रेलियात १९५९ पासून प्रतिविष मिळते. आपल्या किनाऱ्यावर सामान्य शेतकऱ्याची वा कोळ्याची याच्याशी गाठ क्वचित पडते, म्हणून येथे विस्तार करण्याचे कारण नाही.

विष शरीरात कसे जाते

सापाच्या दाताला विषाची नळी असते तशी बहुतेक माशांच्या काट्याला नसते. काट्यावर कातडीचे पातळ आवरण असते व त्या आवरणात विष तयार करणाऱ्या पेशी असतात. काटा मांसात शिरला की आवरण फाटते आणि त्यातील विष जखमेत मिसळते. यावरून दोन गोष्टी ध्यानात येतील. पहिली ही, की विष काट्यावरच असल्याने मासा मेला तरी काटा निर्विष होत नाही. बाजारातून आणलेला शिंगाळा विळीवर साफ करताना काटा लागला तरी तशीच कळ येते. दुसरी गोष्ट अशी, की आवरणाचे तुकडे किंवा काट्याचे टोक जखमेत राहून गेले तर विषाचा आणि जंतूंचा साठाच आत राहतो. मासा खाण्यास मात्र या विषामुळे कोणतीही हरकत नाही. काटे छाटून शिजवलेला शिंगाळा किंवा पाकट निर्धास्तपणे खावा.

विषाचा मुख्य परिणाम म्हणजे वेदना. ती काटा लागताक्षणी सुरू होते व पहिल्या तासा-दीड तासात वाढत जाते. जखमेभोवती सूज येते, कातडी आधी पांढरट व मग लाल किंवा निळसर दिसू लागते, रक्त वाहते. काहींना मळमळ, घाम, स्नायूंत गोळे व चक्कर असा त्रास होतो. हातापायाला लागलेल्या काट्याने धडधाकट माणूस दगावणे फार विरळा. परंतु काटा छातीत, पोटात किंवा मानेत शिरला तर गोष्ट निराळी होते. ४ सप्टेंबर २००६ रोजी ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडच्या किनाऱ्याजवळ स्टीव्ह अर्विन या प्रसिद्ध प्राणितज्ज्ञाच्या छातीत पाकटाचा काटा घुसून त्याचा मृत्यू झाला. तेथे विषापेक्षा घावच प्राणघातक ठरला.

गरम पाण्याचा उपचार

माशांच्या विषात जी प्रथिने असतात ती उष्णतेने बिघडतात, असे प्रयोगशाळांतील तपासणीत दिसून आले आहे. शिवाय उष्णतेने मज्जातंतूंना जाणवणारी वेदनाही बोथट होते. कारण कोणतेही असो, गुण येतो हे निश्चित. अमेरिकेत २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत पाकटाचा काटा लागलेल्या ११९ रुग्णांची नोंद तपासण्यात आली. त्यांपैकी जे वेदना होत असताना लगेच आले व ज्यांना प्रथम केवळ गरम पाण्याचाच उपचार दिला, त्यांच्यातील ८८ टक्के लोकांची वेदना अर्ध्या तासाच्या आत दुसऱ्या कोणत्याही औषधाविना शमली. इतका स्वस्त उपाय इतका गुणकारी असल्याची उदाहरणे वैद्यकात थोडीच सापडतील.

काटा लागताच माणसाला पाण्याबाहेर काढून बसवावे. घाबरून पाण्यातच तोल जाण्याचा धोका काट्यापेक्षा मोठा असतो. बोटातील अंगठ्या, हातातील कडे, पायातील जोडवी लगेच काढावीत. सूज चढल्यावर ती निघत नाहीत व रक्तप्रवाह अडवतात. जखम स्वच्छ पाण्याने धुवावी आणि थोडे रक्त वाहिले तर वाहू द्यावे. फार रक्त येत असल्यास स्वच्छ फडक्याने दाबून धरावे. काट्याचा तुकडा वरच, सहज चिमटीत येईल असा दिसत असेल तर तो अलगद काढावा. खोल रुतलेला असेल तर ओढाताण करू नये. छातीत, पोटात, मानेत किंवा जांघेत रुतलेल्या काट्याला मुळीच हात लावू नये. तो जागच्या जागी फडक्यांनी आधार देऊन स्थिर करावा आणि रुग्णाला ताबडतोब रुग्णालयात न्यावे. पुष्कळदा असा काटाच फाटलेल्या रक्तवाहिनीचे बूच झालेला असतो.

यानंतर हात किंवा पाय गरम पाण्यात बुडवावा. पाणी ४० ते ४५ अंश सेल्सिअस इतके गरम हवे. म्हणजे सोसवेल, पण जेमतेम सोसवेल असे. तापमापक जवळ नसल्यास एक तांब्या उकळत्या पाण्यात तीन ते साडेतीन तांबे साधे पाणी मिसळावे, म्हणजे पाणी साधारणपणे या मर्यादेत येते. पण या मापावरच विसंबून राहू नये. ज्याला काटा लागलेला नाही अशा माणसाने आपले कोपर अर्धा मिनिट त्या पाण्यात धरून पाहावे. त्याला सोसले नाही तर रुग्णालाही त्यात बसवू नये. रुग्णाच्या सांगण्यावर भरवसा ठेवता येत नाही, कारण दुखऱ्या अंगाला चटका समजत नाही. वेदनेच्या भरात 'आणखी गरम, आणखी गरम' असे म्हणणारे रुग्ण असतात आणि दुसऱ्या दिवशी काट्याच्या जखमेऐवजी भाजल्याचे फोड घेऊन दवाखान्यात येतात. लहान मुले, वृद्ध आणि मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झालेले लोक यांच्या बाबतीत पाणी ४० अंशांच्या आसपासच ठेवावे. त्याचप्रमाणे डॉक्टरांनी जागा बधिर करण्याचे इंजेक्शन दिले असेल तर नंतर घरी गरम पाण्यात हातपाय बुडवू नयेत.

पाण्यात अंग किमान अर्धा तास बुडलेले असावे. गरज वाटल्यास दीड तासापर्यंत ठेवण्यास हरकत नाही. पाच मिनिटे बुडवून 'काही फरक नाही' म्हणत उठणारे बरेच असतात आणि उपाय फसतो तो येथेच. बादलीतील पाणी दहा-पंधरा मिनिटांत निवते. ते पुन्हा गरम करण्यासाठी आधी अंग बाहेर काढावे, मग उकळते पाणी ओतावे, ढवळावे, कोपराने पाहावे आणि मग अंग परत बुडवावे. अंग आत असताना वरून उकळते पाणी कधीही ओतू नये. वेदना उठली तर हाच उपचार पुन्हा करता येतो. मांडीसारख्या बुडवता न येणाऱ्या जागी गरम पाण्यात पिळलेल्या फडक्याच्या घड्या पुन्हा पुन्हा बदलून ठेवाव्यात.

शेक देण्याची चाल आपल्या घराघरांत जुनीच आहे. पण तापलेली वीट, निखारा, पेटती विडी किंवा तवा यांचा शेक या जखमेला देऊ नये. त्याने विषाचे काही होत नाही आणि कातडी जळते. बर्फानेही येथे उपयोग होत नाही. जखमेवर चीर देणे, तोंडाने रक्त चोखणे, वर दोरी आवळणे, रॉकेल, चुना, शेण किंवा माती लावणे यांतील प्रत्येक गोष्ट अपायकारक आहे. शेणामातीने तर धनुर्वाताला आमंत्रण मिळते. सर्पदंशावरची लसही माशाच्या विषावर चालत नाही. ती नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चार सापांच्या विषांसाठी केलेली असते. म्हणून शिंगीचा काटा लागल्यावर डॉक्टरांनी ती टोचली नाही याबद्दल नाराज होण्याचे कारण नाही.

मासा दिसला नसेल तर

शेतकऱ्याच्या जिवाशी सर्वांत निकट असा प्रश्न हा आहे. खाचरातल्या गुडघाभर गढूळ पाण्यात पायाला काहीतरी टोचते. काय टोचले ते दिसत नाही. अशा वेळी 'मासाच असेल' असे म्हणून चुलीवर पाणी ठेवत बसणे अत्यंत घातक ठरू शकते. पावसाळ्यात बिळांत पाणी शिरले की साप बाहेर पडतात आणि बांधांवर, पेंढ्यात, पाण्याच्या कडेला वावरतात. ज्या हंगामात वलगणीचे मासे धरले जातात त्याच हंगामात सर्पदंशही अधिक होतात.

वेदनेवरून निदान करू पाहू नये. माशाचा काटा बहुधा एकच भोक पाडतो आणि कळ तत्काळ उसळते हे खरे. परंतु घोणसाच्या दंशानेही लगेच वेदना व सूज येते, आणि मण्यारीचा दंश कित्येकदा जाणवतही नाही. म्हणून नियम असा ठेवावा: मासा डोळ्यांनी पाहिला असेल, तो हातात, जाळ्यात वा गळाला असेल, तरच गरम पाण्याचा उपचार करावा. टोचणारा प्राणी दिसला नसेल तर सर्पदंश समजूनच पुढची पावले टाकावीत. रुग्णाला चालू देऊ नये, दंश झालेला हात किंवा पाय काठी-फळीच्या आधाराने स्थिर ठेवावा, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी किंवा मिळेल त्या वाहनाने सर्पदंशाची लस असलेल्या रुग्णालयात न्यावे. आपल्या भागात ही लस कोणत्या आरोग्यकेंद्रात आहे हे पावसाळ्यापूर्वीच विचारून ठेवावे; रात्री दोन वाजता ती चौकशी करण्यात अर्धा तास जातो. पुढे तो माशाचाच काटा निघाला, तर नुकसान गाडीभाड्याचेच होईल.

समुद्रावर हाच घोटाळा उलट दिशेने होतो. जाळ्यांत माशांबरोबर समुद्रसाप येतात. त्यांचा दंश प्रथम जवळजवळ दुखत नाही. जाळे साफ करताना बोटाला काही चाटून गेले, कळ नाही, म्हणून खलाशी काम करीत राहतो. काही वेळाने अंग दुखू लागते, मान व जबडा आखडतो, पापण्या जड होतात, लघवी काळपट होते. जाळ्यात साप दिसला असेल आणि बोटावर बारीकसे ओरखडे असतील, तर वेदना नसली तरीही किनारा गाठावा.

जखमेची पुढील काळजी

कळ थांबली म्हणजे काम संपले असे पुष्कळांना वाटते. माशाच्या काट्याने अंग गमावण्याची पाळी येते ती बहुधा विषामुळे नव्हे, तर आठवड्याभरात जखम चिघळल्यामुळे. काट्याची जखम तोंडाशी लहान व आत खोल असते, तिच्यात चिखल, शेवाळ व काट्याचे तुकडे राहतात. उबदार खाऱ्या व निमखाऱ्या पाण्यात काही असे जंतू असतात, की यकृताचा विकार किंवा मधुमेह असलेल्या माणसाच्या जखमेत शिरल्यास ते एका-दोन दिवसांत हातपाय सडवू शकतात. दारूच्या व्यसनाने यकृत खराब झालेल्यांनी याबाबतीत विशेष जपले पाहिजे.

त्यामुळे वेदना शमल्यावर जखम साबणाने व भरपूर स्वच्छ पाण्याने पुन्हा धुवावी, वर स्वच्छ सैल पट्टी बांधावी आणि प्राथमिक आरोग्यकेंद्रात जावे. तेथे धनुर्वाताची लस घ्यावी. पाकटाचा काटा लागला असेल, जखम तळहातात, सांध्याजवळ किंवा खोल असेल, तुकडा आत राहिल्याची शंका असेल, तर न चुकता डॉक्टरांकडून तपासून घ्यावे. क्ष-किरण चित्रात असे तुकडे पुष्कळदा दिसून येतात. खोल जखमेला घाईने टाके घालून घेण्याचा आग्रह धरू नये. ती आतून भरत येणे हिताचे असते. वेदनेसाठी पॅरासिटामॉल घेता येते. जंतुनाशक गोळ्या मात्र दुकानातून परस्पर आणून खाऊ नयेत. कोणती घ्यावी हे गोड्या पाण्याची जखम की खाऱ्या, यावरही अवलंबून असते, म्हणून डॉक्टरांना काटा कोठे व कोणत्या माशाचा लागला हे स्पष्ट सांगावे.

लाली पसरत गेली, फोड आले, ताप चढला, दुखणे कमी होऊन पुन्हा वाढू लागले, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. श्वासाला त्रास होणे, अंगावर गांधी उठणे, ओठ व चेहरा सुजणे, वारंवार उलट्या, शुद्ध हरपणे यांपैकी काहीही दिसले तर गरम पाण्याची बादली बाजूस ठेवून १०८ ला फोन करावा. जखम भरून गेल्यावर काही आठवड्यांनी त्याच जागी न दुखणाऱ्या गाठी येऊ लागल्या, तर तोही त्या काट्याचाच परिणाम असू शकतो. पाण्यातील एका मंदगतीच्या जंतूमुळे अशा गाठी होतात व त्यांना वेगळे औषध लागते. एवढ्या काळाने काट्याची आठवण कोणाला राहत नाही, आणि डॉक्टरांना न सांगितल्यामुळे मलमांवर महिने जातात.

काटा लागू नये म्हणून

उथळ वाळूच्या पाण्यात चालताना पाय उचलून टाकू नये. तळाशी घासत, सरपटत पुढे न्यावा. वाळू हलली की पाकट आपोआप दूर सरकतो. पुढे काठी टेकत गेल्यास आणखी बरे. जाड तळव्याचे बूट चिखलात व रापणीच्या वाळूत उपयोगी पडतात. परंतु पाकटाचा काटा रबराचे बूटही भेदतो, म्हणून बूट घातले तरी सरपटत चालण्याची सवय सोडू नये. रात्री वलगणीच्या माशांना जाताना बॅटरी चांगली असावी आणि हाताऐवजी हातजाळीने मासा उचलावा.

गरवण्याचा नाद असलेल्यांनी गळाला शिंगटी किंवा शिंगाळा लागताच तो जमिनीवर ठेवून जाड ओल्या फडक्याखाली दाबावा आणि लांब टोकाच्या पकडीने गळ सोडवावा. मासा तडफडत असताना हवेत धरून गळ काढणे हेच बहुतेक अपघातांचे मूळ आहे. कोळी लोक शिंगाळ्याचे काटे पकडीने मोडून मग मासा टोपलीत टाकतात. शेततळ्यावर काम करणाऱ्या मजुरांनाही ही रीत शिकवावी. पातळ रबरी हातमोजे केवळ ओलावा अडवतात, काटा नव्हे. तळे उपसण्याच्या दिवशी शेगडी, मोठे पातेले, बादली, साबण व स्वच्छ फडकी तळ्याच्या काठावरच आणून ठेवावीत. दूरच्या खाडीवर किंवा होडीतून जाणाऱ्यांनी उकळते पाणी भरलेला थर्मास बरोबर घ्यावा. तो रिकामा परत आला नाही तर त्याचा चहा होतोच.

मच्छीमार सहकारी संस्थांच्या व ग्रामसभांच्या मे महिन्यातील बैठकांत या उपचाराचे प्रात्यक्षिक दाखविणे सोपे आहे. एक बादली, एक किटली आणि घड्याळ एवढेच त्याला लागते. पाणी मिसळून कोपराने पाहणे आणि अर्धा तास म्हणजे किती, हे एकदा डोळ्यांसमोर केलेले लोक विसरत नाहीत. बायकांना या बैठकीला आवर्जून बोलवावे, कारण मासे निवडणे, विकणे व साफ करणे ही कामे त्यांच्याच हातून होतात आणि काटे त्यांनाच अधिक लागतात. छाटलेल्या काट्यांचा व पाकटांच्या शेपट्यांचा ढीग किनाऱ्यावर किंवा उकिरड्यावर उघडा टाकू नये. एका जागी खोल खड्डा घेऊन, मुलांचा व गुरांचा पाय पडणार नाही अशा रीतीने तो पुरून टाकावा.